न दिलेली किल्ली

"खाली ठेवा ती कढई, अक्का. तेलाची पिशवी कापून झालीय माझी."

"कापली तर कापली. भाजीला वापर." चंचलबाईंनी कढई पोटाशी धरली आणि तशाच पलंगावर मांडी घालून बसल्या. "मन्हा भाऊले जाईसन सहाच महिना व्हयनात, आणि या घरात तळण? तुले काही वाटस का? वर्ष होऊ दे, श्राद्ध होऊ दे, मग तळ दिवसभर. तोवर ही कढई चढत नाही."

"आपल्या सणाला नाही चढत. दसऱ्याला चढवली का मी? दिवाळीला चढवली? नाताळ काय आपला सण आहे?"

"वा! कोणत्या वकिलाकडे कामाला होतीस? घर कोणाचं? कढई कोणाची? तळणाचा वास गल्लीत गेला म्हणजे लोक विचारत बसतील का, की बाई, सण कोणाचा?"

कुंदन बुटाची नाडी बांधत दारात बसला होता. तो एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मास्टर होता आणि त्याला उशीर झाला होता. "मम्मी, फुई, बास करा ना आता. संध्याकाळी येताना फरसाणवाल्याकडून चार किलो मिक्स आणतो. पिशव्या भरून सगळ्या घरी देऊन टाकू. विषय खतम."

"दुकानचं?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"दुकानचं?" चंचलबाईही त्याच क्षणी म्हणाल्या. आणि आपलं दोघींचं एकमत झालं याचाच दोघींना राग आला.

कुंदन निघून गेला. जाताना फाटक जरा जोरात लावलं.

डिसेंबरची तेवीस तारीख होती. सुरतच्या डिंडोलीतल्या या सोसायटीच्या गल्लीत समोरासमोर अकरा-अकरा अशी बावीस घरं, बहुतेक सगळी खानदेशातून कापडाच्या कामासाठी आलेल्यांची. अकरा नंबरचं घर पुष्पाबाईंचं. त्यांचे यजमान भाईदास चाळीस वर्षं लूमवर राबले आणि जूनमध्ये गेले. चंचलबाई ही भाईदासची थोरली बहीण. सहा महिन्यांच्या विधीसाठी अमळनेरहून आली होती, आणि विधी झाल्यावर भाचेसुनेच्या हातचं चार दिवस खाऊन जाऊ म्हणून थांबली होती. नियम काय तो तिला पाठ होता. ज्या घरी माणूस गेलं त्या घरी वर्षभर सणाची कढई चढवायची नाही. पहिल्या सणाचं ताट नातेवाइकांनी बाहेरून आणून द्यायचं. असा नियम तिच्या आईनं पाळला होता, सासूनं पाळला होता.

"आणि एवढाच पुळका आहे," चंचलबाई म्हणाल्या, "तर त्या नर्सबाईच्या घरी जाऊन तळ ना. तिच्या घरात काय सुतक नाही."

"कशी जाऊ? ती गावाला गेलीय."

"मग तळतेस कोणासाठी?"

"ती घरातच आहे."

चंचलबाईंनी कढई किंचित सैल सोडली. "धनश्री," त्यांनी परातीत मैदा मळत बसलेल्या सुनेला विचारलं, "तुझ्या सासूचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे, फुई," धनश्री मान वर न करता म्हणाली. "सिस्टरनं किल्ली दिली नाही."

या वाक्याचा अर्थ त्या गल्लीत कोणालाही लगेच कळला असता. चंचलबाईंना सांगावा लागला.

बारा नंबरमध्ये एस्तेर गावित राहायच्या. नवापूरकडच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, सुरतेत महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात नोकरी लागली आणि सोसायटी नवी, भिंतींचा गिलावा ओला होता तेव्हा इथं राहायला आल्या. लग्न केलं नाही. दोन धाकटे भाऊ शिकवायचे होते, ते शिकेपर्यंत वय निघून गेलं, आणि मग विचारायला कोणी आलं तेव्हा त्यांनीच सांगितलं की आता मला एकटीचा चहा करायची सवय झाली. गल्लीत त्यांना कोणी नावानं हाक मारली नाही. सगळ्यांची सिस्टर. धुडकू टेलरच्या पोरीनं शाळेच्या निबंधात 'माझी शेजारीण' लिहिताना नाव 'सिस्टरबाई गावित' असंच लिहिलं होतं.

प्लेगच्या साली, म्हणजे चौऱ्याण्णवला, सुरत दोन दिवसांत रिकामी झाली तेव्हा ही गल्लीही रिकामी झाली. लोकांनी पत्र्याच्या पेट्या उचलल्या आणि मिळेल त्या गाडीला लोंबकळले. भाईदास, पुष्पाबाई आणि तीन वर्षांचा कुंदन हेही त्यात होते. सिस्टरला जाता येत नव्हतं, तिची ड्यूटी होती. निघता निघता भाईदासनी घराची किल्ली तिच्या हातात दिली, ते पाहून शेजारच्यानं दिली, आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडे एकवीस किल्ल्या झाल्या. तिनं प्रत्येक किल्लीला जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळली, वर शाईनं घराचा नंबर लिहिला आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला ओळीनं टांगल्या.

लोक तीन आठवड्यांनी परतले. कोणाच्या घरातली वाटी हलली नव्हती. पण सगळ्यांच्या लक्षात आलं ते वेगळंच. पावसाळ्यानंतरच्या त्या कडक उन्हात एकवीस अंगणांतल्या एकवीस तुळशी हिरव्यागार होत्या. दिवसभर दारोदार गोळ्या वाटून आल्यावर ही बाई तोंडाचा फडका सोडायची आणि बादली घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची.

"सिस्टर, तुम्ही तुळशीला पाणी घातलं?" पुष्पाबाईंनी विचारलं होतं.

"घातलं. मंत्र मला येत नाही, नुसतं पाणीच घातलं. चाललं का?"

चाललं. तेव्हापासून दर दिवाळीला कारखान्यांना सुट्टी लागली आणि गल्ली गावाला निघाली, की किल्ल्या बारा नंबरला जायच्या. आणि नाताळ झाल्यावर, सव्वीस तारखेला, सिस्टर नवापूरला भावाकडे निघायच्या तेव्हा त्यांची किल्ली पुष्पाबाईंकडे यायची. तिलाही चिकटपट्टी होती. तिच्यावर नंबर नव्हता, 'माझी' असं लिहिलेलं होतं.

नाताळचा फराळ करायला त्यांना पुष्पाबाईंनी शिकवलं. पहिल्या वर्षी सिस्टरनं केलेल्या करंज्या तेलात उघडल्या होत्या आणि सगळं सारण बाहेर आलं होतं. "तुम्ही माणसाचं पोट शिवता आणि करंजीचं तोंड शिवता येत नाही?" असं पुष्पाबाई म्हणाल्या, आणि कातणं बाजूला ठेवून बोटानं मुरड घालायला शिकवलं. दोन वर्षांत सिस्टरची मुरड त्यांच्यापेक्षा बारीक झाली. टाके घातल्यासारखी, सगळी सारख्या अंतरावर. पंचवीस तारखेला सकाळी चर्चला जाऊन आल्या की त्या पांढरी साडी तशीच ठेवून ताटं वाटायला निघायच्या. एकवीस घरं, एकवीस ताटं.

सगळ्यांनी ती पहिल्यापासून आनंदानं घेतली असं मात्र नाही. सतरा नंबरच्या पंडितची म्हातारी आई सिस्टरच्या हातचं खायची नाही. तिनं तसं तोंडावर सांगितलं नव्हतं, पण ताट परत येताना वरचा रुमाल जसाच्या तसा दुमडलेला असायचा. सिस्टरनं काही विचारलं नाही. पुढच्या वर्षीपासून सतरा नंबरच्या ताटात त्या नारळ, खारका आणि खडीसाखर ठेवायला लागल्या. न शिजवलेलं. अकरा वर्षं तसंच चाललं. मग म्हातारीच्या पायाला साखरेची जखम झाली आणि सिस्टर रोज सकाळी केंद्रावर जायच्या आधी तिची पट्टी बदलायला जाऊ लागल्या. त्या नाताळला नारळाचं ताट पाहून म्हातारी फणफणली. "पूर्ण गल्लीले करंज्या आणि माले नारळ? मना दात शेतस अजून!" सिस्टर घरी गेल्या आणि करंज्यांचं ताट घेऊन आल्या. बस्स. त्यावर दोघींपैकी कोणी पुढे कधी बोललं नाही.

हे सगळं पुष्पाबाईंनी चंचलबाईंना एका दमात सांगितलं नाही. काही पुष्पाबाईंनी सांगितलं, काही धनश्रीनं मैदा मळता मळता मध्येच घातलं. चंचलबाई ऐकत होत्या, पण कढई मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"बरं. बाई चांगली आहे. मी कधी म्हटलं वाईट आहे? मग ती घरात लपून का बसलीय?"

"हात," पुष्पाबाई म्हणाल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, अकरा नंबर सोडलं तर गल्लीत माणूस नसताना, सिस्टर सतरा नंबरच्या तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि पंडितच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. पुष्पाबाईंनीच त्यांना तिथून उचललं. रिक्षात बसताना सिस्टर पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "पुष्पा, मी माझ्या मोरीत घसरले. समजलं? पंडितची सून आधीच रडकी आहे. उगाच वर्षभर माझ्याकडे बघून रडत बसेल."

गल्ली परत आली तेव्हा सगळ्यांना तेच सांगितलं गेलं. सिस्टर मोरीत घसरल्या. पंडितच्या सुनेनं तर मोरीत टाकायला रबरी चटई आणून दिली.

प्लॅस्टर आठ दिवसांपूर्वी निघालं, पण बोटं मिटत नव्हती. सत्तर वर्षांचं हाड. परवा, एकवीस तारखेला, पुष्पाबाई नाताळचं काय ते विचारायला गेल्या तर सिस्टरनं दार अर्धंच उघडलं. "या वर्षी काही करत नाही गं. उद्याच नवापूरला निघते." बावीस तारीख आली, गेली. बारा नंबरच्या खिडक्या बंद झाल्या, दिवा लागेना. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, आतूनच कडी होती, पण ते लोकांच्या लक्षात आलं नाही. शिवाय नवापूरच्या घरी कोणी नव्हतंच. तिथला भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला होता, भावजय सुनेच्या बाळंतपणाला नाशिकला होती. हे सिस्टरनंच पुष्पाबाईंना पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं होतं आणि खोटं बोलताना त्या ते विसरल्या होत्या.

"आणि सगळ्यात मोठं म्हणजे किल्ली दिली नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांत एकदाही किल्ली दिल्याशिवाय गेलेली नाही. गेली असती तर दिली असती. एकवीस घरी रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणून दार लावून बसलीय. चार दिवस अंधारात बसेल आणि मग गावाहून आले म्हणून बाहेर येईल. मी काय करणार होते? इथं तळून ताटं भरून तिच्या दारात ठेवणार होते. मग बघू कशी आत बसते."

चंचलबाईंचा आवाज बदलला, पण मऊ झाला नाही.

"पुष्पा, मला तू दगड समजू नकोस. पण माझा पाठचा भाऊ होता तो. त्याच्या नावानं वर्षभर कढई उलटी राहते, एवढंच तर त्याचं राहिलंय. तेही तू शेजारणीसाठी सोडायला निघालीस. आणि ताटाचं म्हणशील, तर ताट घरच्यांनी आणायचं असतं. तुमच्या दिवाळीला तुझ्या भावानं आणलंच की नाही शिरपूरहून? रीत आपली आपण पाळतो. दुसऱ्यानं नाक खुपसायची गरज पडत नाही."

पुष्पाबाई उठल्या आणि कापलेल्या तेलाच्या पिशवीचं तोंड दुमडून तिला रबर लावू लागल्या.

"नाही आणलं?" चंचलबाईंनी विचारलं.

"जाऊ द्या ना अक्का."

"मामांना वाटलं फुई आणतील," धनश्री म्हणाली. सासूनं डोळे वटारले, पण ती थांबली नाही. "सख्खी बहीण आहे, तिचा मान, असं म्हणाले फोनवर. नंतर, दिवाळी झाल्यावर."

"आणि मला वाटलं..." चंचलबाई थांबल्या. त्यांना वाटलं होतं की बाईचं माहेर जवळ आहे, तर ताट माहेरचं. शिवाय गुडघे दुखत होते, आणि दिवाळीत गाडीला ही गर्दी. त्यांनी शिरपूरला फोन करून विचारलंही नव्हतं.

"यांच्या कारखान्यात नवी मशीनं बसत होती म्हणून आम्हीही गावाला गेलो नाही," धनश्री सांगत राहिली. "गल्लीत कोणी नाही. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मम्मींनी खिचडी टाकली. आणि सिस्टर आल्या. तीन दिवस एकट्या तळत होत्या, आम्हाला वासावरूनही कळलं नाही, मागची खिडकी उघडी ठेवून तळलं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे पण, फुई. अनारसे थोडे बिघडले होते. म्हणाल्या, पुस्तकात वाचून केले. म्हणाल्या, 'मला तुमची रीत नीट ठाऊक नाही, पण दुखवट्याच्या घरी बाहेरून ताट येतं एवढं पुष्पानंच मला एकदा सांगितलं होतं.'"

चंचलबाईंनी कढई पलंगावर ठेवली. मग ती हातात घेऊन पुन्हा उलटी करून ठेवली. पदर डोक्यावर घेतला, चपला घातल्या आणि बाहेर पडल्या.

"कुठं निघालात?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"माझा गुडघा दुखतोय."

बारा नंबरचं दार त्यांनी दोनदा वाजवलं. आत सामसूम. दारापुढच्या ओटल्यावर, म्हणजे कट्ट्यावर, ऊन पडलं होतं. चंचलबाई पायरीवर बसल्या आणि बंद खिडकीशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाल्या, "मी चंचल. भाईदासची बहीण, अमळनेरची. माझा गुडघा धरलाय, उठता येईना. नर्सबाई राहतात ना इथं? नसतील तर मी बसते इथंच. येतील तेव्हा येतील."

काही क्षण गेले. मग आतून कडी वाजली. तीस-पस्तीस वर्षांची नोकरी. पेशंट दारात बसलाय म्हटल्यावर त्या बाईला आत बसवेना.

"गुडघा कुठला?" सिस्टरनं दाराच्या फटीतून विचारलं.

"दोन्ही," चंचलबाई म्हणाल्या आणि फारसं न कण्हता उठून आत गेल्या.

आत पडदे ओढलेले होते. सिस्टर लहानखुऱ्या, केस आखूड कापलेले, उजवा हात छातीशी धरलेला. त्यांनी डाव्या हातानं खुर्ची ओढून दिली, चंचलबाईंचा गुडघा दाबून पाहिला, गुडघ्यात काही नाही हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

चंचलबाई खुर्चीतूनच स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहत होत्या. ओट्यावर एकवीस ताटं धुऊन, पुसून, उपडी लावलेली. शेजारी एका परातीत आठ-दहा करंज्या. एखादी लांब, एखादी चपटी, दोन तेलात फुटलेल्या. आणि एक कच्ची, अर्धवट, जिच्या कडेला मुरडीच्या जागी दवाखान्यातला चिमटा लावलेला होता. शिरेला लावतात तसा.

"हे काय?" चंचलबाईंनी विचारलं.

सिस्टर हसल्या. चोरी पकडल्यासारख्या. "बोटं मिटत नाहीत. म्हटलं, चिमट्यानं दाबून बघू. रक्त थांबतं तर सारण का थांबणार नाही? नाही थांबलं."

"खोबरं पण चोथा झालंय."

"मिक्सरमधून काढलं. किसायचं काम माझं नव्हतं ना कधी." सिस्टरनं कोपऱ्यातल्या टोपलीकडे पाहिलं. टोपलीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तशाच्या तशा रचलेल्या होत्या. "भाईदासभाऊ किसायचे. तेवीस तारखेला लूमवर रजा टाकून इथं ओटल्यावर बसायचे. रिटायर झाल्यावर तर बावीसपासूनच. दर वर्षी अंगठा किसून घ्यायचे आणि मी पट्टी लावायची. लूमवर कान गेलेले त्यांचे, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे जे बोलायचं ते ओरडून. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. दर वर्षी एक गोष्ट ठरलेली."

"कसली?"

"'आमची चंचल लहानपणी खोबरं चोरायची!'"

चंचलबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मी? तो चोरायचा! मी मार खाल्लाय त्याच्यासाठी! देवघरातल्या वाट्या त्यानं पळवल्या आणि आईला माझं नाव सांगितलं. साठ वर्षं झाली, आणि हा सुरतेत बसून ओरडून सांगत होता?"

"एकतीस वर्षं," सिस्टर म्हणाल्या.

चंचलबाई परत बसल्या. हसू आलं होतं ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. त्यांनी ते पदरानं पुसलं नाही. विधीच्या दिवशी त्या रडल्या होत्या, पण ते रडणं चार बायकांबरोबरचं होतं. सिस्टरनं डाव्या हातानं पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला आणि दुसरीकडे पाहत उभ्या राहिल्या. रडणाऱ्याजवळ कसं उभं राहायचं हे त्या बाईला माहीत होतं.

पाणी पिऊन झाल्यावर चंचलबाई उठल्या. टोपलीतल्या वाट्या त्यांनी मोजल्या नाहीत, टोपलीच काखेत घेतली.

"कुठं नेताय?" सिस्टरनं विचारलं.

"चोरतेय. नाव आहेच माझं." दारात त्या वळल्या. "आणि ते पडदे उघडा. गावाहून आलात तुम्ही. आत्ताच, माझ्यासमोर."

अकरा नंबरमध्ये कुंदन जेवायला घरी आला होता. ताटं मांडली होती, पण कोणी जेवायला बसलं नव्हतं. चंचलबाई आत आल्या, टोपली जमिनीवर ठेवली, हात धुतले आणि पाटावर बसल्या.

"अक्का, कढईचं..." पुष्पाबाईंनी सुरुवात केली.

"चूप बठ. मी बोलतेय." त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "कुंदन, संध्याकाळी येताना नवी कढई आण. मोठी. ती माझी, अमळनेरला मी घेऊन जाणार. मी या घरची लेक, पण सत्तेचाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या घरी गेले. त्या घरात कोणी गेलेलं नाही. माझी कढई चढते."

"इथं?" धनश्रीनं विचारलं.

"इथं कशाला? सिस्टरच्या ओटल्यावर. उद्या सकाळी सात वाजता. वास जाऊ दे गल्लीत, सतरा नंबरपर्यंत. तळायला मी बसेन. पुष्पा मुरड घालेल. धनश्री, तू लाटशील. सिस्टर सांगतील कोणाच्या ताटात काय ठेवायचं ते, आणि पंचवीसला ताटं त्यांच्याबरोबर घरोघर तुम्ही दोघी न्याल. खोबरं कुंदन किसेल, आजच. बापाचं काम आहे ते. अंगठा सांभाळ."

"आणि फुई, ताटं एकवीसच ना?" धनश्रीनं विचारलं.

"बावीस. एकवीस सिस्टरची. बाविसावं माझं, या घरात येईल. दिवाळीचं राहिलंय." चंचलबाईंनी पलंगावर उलट्या पडलेल्या कढईकडे बोट केलं. "आणि ती जुनी वर फळीवर ठेवून द्या. तिचं वर्ष जूनमध्ये होईल."